मेजर हॅडली

१८७८ सालच्या हिवाळ्यात अमेरिकन लष्करातल्या कॅप्टन हॅडलीच्या शब्दावर दोनशे आदिवासी बर्फातून डोंगर उतरले आणि त्यांनी बंदुका खाली ठेवल्या. "तुम्ही तुमच्याच खोऱ्यात राहाल," असं त्याने त्यांच्या म्हाताऱ्या मुखियाला सांगितलं होतं.

आठव्या दिवशी वरून तार आली: सगळ्यांना आगगाडीत भरून दक्षिणेला धाडा. हॅडलीने दोनदा विरोध कळवला. उत्तर आलं, 'हुकूम पाळा, नाहीतर राजीनामा द्या.' सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या हॅडलीने हुकूम पाळला.

गाडीत चढताना मुखियाने दुभाष्यामार्फत विचारलं, "तू खोटं बोललास, की तुझ्याशी कुणी खोटं बोललं?"

"माझीही फसवणूक झाली."

"मग चल आमच्याबरोबर."

हॅडली मान खाली घालून फलाटावरच उभा राहिला.

दक्षिणेच्या दमट हवेत तापाची साथ आली. उन्हाळ्यापर्यंत साठ जण दगावले. त्यांत मुखियाही गेला. ती बातमी आली त्याच आठवड्यात हॅडली मेजर झाला.

बायको गणवेशावर मेजरच्या हुद्द्याची नवी चिन्हं शिवत होती. "राहू दे," तो म्हणाला. "मला हा गणवेश अंगावर घालवणार नाही."

"अहो, पाहुणे यायला लागलेत."

त्याने गणवेश चढवला आणि बाहेर जाऊन सगळ्यांशी हसून हात मिळवले.