खताची सोय

"हात घाल," लंकाबाई म्हणाली.

स्नेहलनं शेणाच्या पाटीकडं पाहिलं, मग सासूकडं. "आत्या, काठीनं नाही का होत?"

"काठी ढवळायला. गाठी हातानंच फोडायच्या."

स्नेहल देवळाली प्रवऱ्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. माहेरी खत गोणीतून यायचं. इथं पारनेरच्या कोरडवाहू रानात घरामागं चार वाफे होते. मेथी, गवार, वांगी, बांधाला दोडका. भाजीचे फोटो ती मोबाईलवर टाकायची आणि पारनेरची गिऱ्हाइकं नंबर लावून घ्यायची. भाजी तशी यायची ती लंकाबाईच्या निळ्या ड्रमामुळं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. सामान गावात सगळ्यांना पाठ होतं, तरी इतरांचे ड्रम सडायचे. लंकाबाईचा कधी सडला नाही.

तिनं ते कुणाला शिकवलंही नव्हतं. आता मात्र घाई तिलाच झाली होती.

झालं असं, की ती गोठ्यात गाईचं अंग पुसत होती. गाईचं नाव गंगी. दात झिजले तसं सुनील तिला म्हातारीच म्हणायला लागला. "म्हातारीनं कडबा खाल्ला का, आई?" हे त्याचं रोजचं. दूध केव्हाच आटलेलं. भिंतीपलीकडं हौदावर दोघं नवरा-बायको मेथी धूत होते.

"म्हातारीचं काय ठरवलं?" स्नेहलचा आवाज.

"बोललोय नगरला. जागा हाय त्यांच्याकडं. डॉक्टर बी येतो तपासायला."

"मग सोडून या ना. किती दिवस सांभाळायचं?"

"आन् खत? ते सगळं तिच्यावर चाललंय. खताची सोय लागू दे, मग सोडतो."

लंकाबाईच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. शेजारच्या पुंजारामनं त्याची गाय अशीच एका गोशाळेत सोडली होती. पुढं भेटायला गेला, तर गाईनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तो अजून कुणी विचारलं की विषय बदलायचा.

खताची सोय म्हणजे काय, हे लंकाबाईला उमगलं. दुकानातली बाटली. सुनेला ड्रमाचा वास सोसत नव्हता. एकदा बाटली घरात आली, की गंगीचं शेण कुणाला लागणार? उपाय एकच होता. खत सुनेच्या हाताला बसवायचं. जिला ते जमलं ती गाय सोडायची नाही.

म्हणून ती शिकवत होती. काहीही मागं न ठेवता. गूळ काळा घ्यायचा, पिवळा नाही. माती बांधाची, पण जिथं औषध फवारलेलं नाही तिथली. ढवळायचं एकाच अंगाला. वरून गोणपाट टाकायचं, झाकण नाही. आणि ड्रमाला कान लावायचा. आत बारीक चरचर ऐकू आली की खत जिवंत आहे. आवाज थांबायच्या आत वाफ्यात सोडायचं.

कुंपणापलीकडून गोजरबाई हे बघत असायची. "लंके, म्या माझ्या सुनेला अजून मिरचीच्या बियाचं डबडं दावलं न्हाई."

"तुझी मिरची बी तशीच, गोजरे. बघायला तरी कोण मागतंय?"

स्नेहल हसली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं कुरकुर न करता गाठी फोडल्या.

अडलं ते गंगीपाशी. सकाळी गाय उठली की गोमूत्रासाठी मागं बादली धरायची, तर ती स्नेहलला जवळ येऊ देईना. एकदा लाथ बसली. स्नेहल मांडी चोळत म्हणाली, "हिला तुम्हीच पाहिजे, आत्या. मला नाही जमायचं."

लंकाबाईनं आपलं रोजच्या नेसणीतलं जुनं लुगडं आणून तिला दिलं. "हे गुंडाळ. वास माझा हाय. उभी ऱ्हाईल."

गंगी उभी राहिली. पुढं पुढं लुगडंही लागेना.

मग एक ड्रम स्नेहलनं एकटीनं लावला. लंकाबाई ओट्यावर हात मांडीत घेऊन बसली. ड्रम मुरला, तसा स्नेहलनं कान लावला आणि तिकडूनच म्हणाली, "आत्या, बोलतोय."

सुनील आला. त्यानं गोणपाट उचलून वास घेतला. "तू केलंस? आईनं हात न्हाई लावला?"

"विचारा की त्यांनाच."

"म्या उठले बी न्हाई जाग्यावरनं," लंकाबाई म्हणाली. "आता न्हाई मी लागत तिला."

"बरं झालं," सुनील म्हणाला. त्यानं बायकोकडं पाहिलं. "लागली म्हणायची खताची सोय."

लंकाबाईचा जीव भांड्यात पडला. बाटली घरात आली नव्हती. तिनं गंगीपुढं कडब्याची जादा पेंढी सोडली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी ती गंगीला पाणी दाखवत होती, तोच फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. सुनील गोठ्याच्या दारात उभा राहिला. अंगात इस्त्रीचा शर्ट. लंकाबाईनं दावं मुठीत आवळलं.

"नगरला जायची गाडी हाय का?"

"व्हय."

"परत धाड. स्नेहलला खत येतंय आता. तूच बघितलं काल."

"येतंय. म्हणून तर बोलावली."

"मग म्हातारीला कशाला नेतो?"

सुनीलनं तिच्या मुठीतून दावं सोडवून घेतलं आणि मागं उभ्या असलेल्या स्नेहलच्या हातात दिलं.

"गाय कुठं जातीय, आई," तो म्हणाला. "तू बस गाडीत. तुझी पिशवी मागं ठेवलीय."