मादी वाण कुणाचा

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या शाल्मलीच्या काकडीला पहिलं मादी फूल चौथ्या पेरावर आलं होतं. माझ्या वेलींना ते आठव्या पेरावर येतं, म्हणजे पहिला तोडा आठवडाभर उशिरा. माझ्या वाणामागे बारा वर्षं होती. तिच्या वाणामागे तीन.

संकरित काकडीसाठी मादी वाण कुणाचा घ्यायचा, हे संशोधन केंद्राची प्रमुख म्हणून मीच ठरवायचं होतं. दोन हंगाम मी ते टाळलं. कधी पाऊस जास्त झाला म्हणाले, कधी नोंदी अपुऱ्या आहेत म्हणाले. खरं तर मी तिच्या वाणात खोट शोधत होते.

आज चव बघायची होती. शेतावरच्या हौसाबाईंनी दोन्ही वाणांच्या काकड्या सोलून देठाकडच्या फोडी आकडे घातलेल्या ताटल्यांत मांडल्या. कुठला आकडा कुणाचा, ते फक्त त्यांच्या वहीत होतं. नवव्या फोडीला जीभ कडूजहर झाली आणि मला चक्क हसू आलं. ती माझी असेल, हे मनातही आलं नाही.

“शाल्मली, कडू आहे गं तुझी!”

हौसाबाईंनी वही पाहिली, पुन्हा पाहिली. “मॅडम, ही तुमच्या ओळीतली हाय की.”

“उन्हाच्या ताणानं निघते एखादी,” शाल्मली घाईघाईनं म्हणाली. ती मला सांभाळून घेत होती. मला तिचा रागही धड येईना.

“ऊन दोघींच्या वेलींना सारखंच होतं,” मी म्हणाले. “मादी वाण तुझा. आणि नर म्हणूनही माझा धरू नकोस, कडूपणा नराकडूनही उतरतो.”