बाह्यांची घडी

आई निवर्तल्यानंतर तिचे कपाट रिकामे करण्याचे काम लेकीने हट्टाने स्वतःकडे घेतले. आई लॉन्ड्रीत घड्या घालणारी. बाह्या पाठीमागे दुमडायच्या, ही तिची रीत. लेकीने घातलेली घडी तिने उभ्या जन्मात एकदाही तशीच राहू दिली नव्हती.

त्या सकाळी लेकीने आईचे स्वेटर मुद्दाम बाह्या पुढे घेऊन दुमडले, खोक्यात रचले आणि ती गॅसवरचे दूध उतरवायला गेली. परत येऊन पाहते तो साऱ्या बाह्या पाठीमागे गेलेल्या!

"अहो, तुम्ही हात लावलात का?"

"मी?" दाढी करता करता नवरा बाहेरून ओरडला. "मला स्वतःचा रुमाल घडी करता येत नाही, बाईसाहेब!"

तिने सर्व स्वेटर उलगडून पुन्हा आपल्याच रीतीने दुमडले. पाठ फिरवण्याचा अवकाश, मागे लोकर सरसरली. वळून पाहते तर सारे पूर्ववत.

भयापेक्षा तिला संतापच अनावर झाला.

"आई, पुरे! जन्मभर माझं केलेलं मोडलंस. आता या घरात माझ्या हातचंच राहणार!"

असे म्हणून तिने वरचा स्वेटर अंगात चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि रिकाम्या कपाटासमोर ती ताठ उभी राहिली.

"घाल आता घडी!"

क्षणभर काहीच घडले नाही. ती विजयाने हसली.

मग तिच्या खांद्यावरची सुरकुती कुणीतरी तळव्याने मायेने सारखी केली, आणि दोन्ही बाह्या, आत तिचे हात असतानाच, सावकाश पाठीमागे दुमडल्या जाऊ लागल्या.