ओला जोड

लाँड्रीतल्या धुण्याच्या खोलीत रबरी बुटांचा एकच जोड होता. सकाळच्या पाळीची बाई तो काढायची आणि दुपारच्या पाळीच्या मावशी तसाच ओला पायांत चढवायच्या.

"मावशी, बोटांमधल्या चिखल्यांनी लंगडताय तुम्ही. अशानं काम कसं उरकायचं? उद्यापासून दुसरी बाई बघतोय मी," सुपरवायझर म्हणाला.

"बघा की. पण डॉक्टर म्हणाले, बूट वाळल्याशिवाय चिखल्या जायच्या नाहीत. तिला तरी नवे बूट द्याल ना?"

"आहेत त्यांना काय धाड भरलीय?"

मावशींनी पिशवीतून मलमाची अर्धी ट्यूब काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"मग ही तिला द्या. माझ्या आधीच्या बाईनं काम सोडताना मला अशीच दिली होती."