करवली

येडगाव धरणावरून आलेल्या धुक्यात लग्नाचा मांडव ढगावर तरंगल्यासारखा दिसत होता. जानकाबाईला सारं सपनातल्यागत वाटत होतं. पुढं नवरदेव झालेला तिचा राकेश, मागं त्याची करवली रत्ना. जन्मल्यावर सगळ्यांनी तिला मुलगा म्हटलं; आज पहाटे आईनंच तिच्या जरीच्या साडीच्या निऱ्या घातल्या होत्या. मांडवाच्या दाराशी नवरीचे चुलते आडवे आले. "पोराला साडी नेसवून आणलंय? ह्याला आत न्हाई घ्यायचं." रत्नाची मान खाली गेली. जानकाबाई तिथंच ओल्या गवतावर बसली. "मग वरमाय बी हितंच बसती." राकेशही आईशेजारी टेकला. बँड थांबला. धुक्यातून नवरी स्वतःच बाहेर आली, चुलत्यांना वळसा घालून. तिनं रत्नाचा गार पडलेला हात धरला. "वन्सं, चला की आत. मला एकटीला भ्या वाटतंय." त्या एका हाकेनं चुलत्यांचे पाय आपोआप बाजूला सरले.