पैजेचं स्टूल

"मास्तर, चौथ्या मजल्यापर्यंत न बसता चढलात तर मी अंगणात कान धरून वीस उठाबशा काढीन," मी शेजाऱ्यांसमोर पैज लावली. कॅन्सरच्या औषधांबरोबर डॉक्टरीणबाईंनी रोज जिने चढायला सांगितलं होतं, पण पोरांना जन्मभर पळवणारे पीटीमास्तर पलंग सोडत नव्हते. डिवचल्यावर मात्र उठले. मी स्टूल घेऊन मागे चाललो. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला, धाप लागली. कुठून सुचली ही थट्टा? हळूच स्टूल पुढे सरकवलं. "उचल ते, गाढवा," म्हणत ते पुढची पायरी चढले, मग आणखी एक, चौथ्यापर्यंत. संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगसमोर मी कान धरले. मास्तरांनी शिट्टी फुंकली. बाराव्या उठाबशीला माझे गुडघे संपावर गेले. त्यांनी तेच स्टूल माझ्याकडे ढकललं. "बस. उरलेल्या आठ उद्या, मी चढून आल्यावर."