पोच

बाईंच्या पत्राला संगणक विभागाच्या प्रमुखांनी तेव्हा उत्तरच दिलं नव्हतं. रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणारी आभासी यंत्रं, म्हणजे संगणकातच चालणारे संगणक, बंद पडली तर पुन्हा कशी उभी करायची, याच्या दोन पद्धती, क्षणोक्षणी जुळवलेली जुळी प्रत आणि रोज काढून ठेवलेली प्रत, तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. समोर बोललं की सर गोंधळतात, म्हणून त्यांच्या हाताखालच्या बाईंनी लिहून दिलं होतं, "सर, जुळी प्रत मूळ यंत्राची चूकही त्याच क्षणी गिरवते. इथं पुसलं की तिथंही पुसलं जाणार. रोजच्या जुन्या प्रती बंद करू नका. बैठकीत एवढं सांगाल ना?"

त्यांना पटलं होतं. पण आणखी चार पुस्तकं चाळून मगच बोलावं, असं वाटलं. बैठकीत संचालक म्हणाले, "ताजं ताटात असताना शिळं कशाला झाकून ठेवायचं?" सगळे हसले. प्रमुखही हसले, आणि रोजच्या प्रती बंद झाल्या.

तीन महिन्यांनी कुणीतरी संगणकाला दिलेल्या चुकीच्या आज्ञेनं सगळ्या रुग्णांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि चार सेकंदांत जुळ्या प्रतीतल्याही. तेव्हा कामाच्या पाळीवर बाई होत्या.

"धोका ठाऊक होता, तर तोंडाला कुलूप का लावलंत?" चौकशीत संचालकांनी विचारलं.

"सरांना लेखी कळवलं होतं."

"पोच आहे?"

बाईंनी प्रमुखांकडे पाहिलं. ते समोरचे कागद सारखे करत राहिले.

बाईंची नोकरी गेली त्या आठवड्यात प्रमुखांनी उत्तर लिहिलं, "पत्र मिळालं. तुमचंच बरोबर होतं." खाली सही केली. तीनदा वाचलं. मग तेच उत्तर सहीशिवाय दुसऱ्या कागदावर उतरवून काढलं आणि बाईंच्या घरच्या पत्त्यावर टपालात टाकलं.